मोडलेलं होमबिल्ट विमान पुन्हा उडवायचं, तर कागद असे लावा

अपघातात मोडलेलं होमबिल्ट विमान नव्या किटच्या मानाने बरंच स्वस्त मिळतं. पत्रा बदलता येतो, रिव्हेट पुन्हा मारता येतात, इंजिन उघडून दुरुस्त होतं. पण मालकीच्या साखळीतली एक सही हरवली असेल, तर दोन वर्षं खपून उभं केलेलं विमान हँगरमध्येच बसून राहतं. म्हणून स्पॅनर हातात घेण्याआधी कागद हातात घ्या.

मराठी वाचकाला घरी बांधलेलं विमान म्हटलं की कॅप्टन अमोल यादव यांचं कांदिवलीच्या गच्चीवरचं विमान आठवतं. त्याला व्हीटी-एनएमडी ही नोंदणी २०१७ मध्ये मिळाली, आणि त्यासाठी किती उंबरे झिजवावे लागले हेही लोकांना माहीत आहे. इथे जे लिहिलं आहे ते अमेरिकेतल्या एफएएच्या, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या, नियमांबद्दल. तिथे ही वाट अनेक दशकं रुळलेली आहे, फॉर्म ठरलेले आहेत, आणि अडकायला होतं ते बहुतेक वेळा ठराविक चार-पाच जागांवरच. उदाहरणासाठी एक आरव्ही-६, म्हणजे व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीच्या किटचं विमान, धरू: शेपटाकडे चाक असलेलं, दुसऱ्या कुणीतरी बांधलेलं, काही वर्षं उडलेलं, उतरताना गिरकी घेऊन एक पंख आणि प्रॉप (प्रोपेलर) जमिनीला घासलेलं.

तुमचं काम तीन प्रकारांपैकी कोणतं?

हे पहिल्याच दिवशी ठरवायचं, कारण पुढचा प्रत्येक फॉर्म त्यावर अवलंबून आहे.

पहिला प्रकार म्हणजे दुरुस्ती. विमान होतं तसंच परत करायचं: तोच पंख, त्याच जातीचं इंजिन, तोच प्रॉप. अशा वेळी विमानाचं आधीचं एअरवर्दीनेस सर्टिफिकेट, म्हणजे उडण्यायोग्य असल्याचं प्रमाणपत्र, चालू राहतं. ते विमानाबरोबर नव्या मालकाकडे येतं, पुन्हा काढावं लागत नाही. अपघात झाला म्हणून ते आपोआप रद्दही होत नाही. विमान सुरक्षित अवस्थेत नाही म्हणून उडवता येत नाही, एवढंच.

दुसरा प्रकार म्हणजे मोठा बदल. दुरुस्त करतोच आहोत तर फिक्स्ड प्रॉपऐवजी कॉन्स्टंट-स्पीड (पात्यांचा कोन बदलणारा) बसवू, १५० हॉर्सपॉवरच्या जागी १८० टाकू, असा विचार येतोच. नियम २१.९३ नुसार वजन, तोल, ताकद, भरवसा किंवा उडण्याची वागणूक यांवर जाणवण्याइतका परिणाम न करणारा बदल लहान. बाकीचे सगळे मोठे. मोठ्या बदलानंतर विमान पुन्हा चाचणीच्या टप्प्यात, म्हणजे फेज वनमध्ये जातं.

तिसरा प्रकार म्हणजे नवं विमान. जुन्याचं फ्युजलाज, म्हणजे धड, कामातून गेलं, नवं किट आणलं, जुने पंख नि चाकं तेवढी वापरली. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. ॲमॅच्युअर-बिल्ट, म्हणजे हौशी बांधणीच्या, वर्गात बसायचं तर विमानाचा मोठा भाग हौसेने किंवा शिकण्यासाठी बांधणाऱ्यांनी स्वतः घडवलेला आणि जोडलेला असावा लागतो. हाच बोलीतला ५१ टक्क्यांचा नियम. भंगारातून आणलेल्या तयार भागांना यात श्रेय मिळत नाही. मोडका पंख तुम्ही महिनोन् महिने बसून सुधारलात तरी हिशेबात ती दुरुस्ती, घडवणं नव्हे. आधीच पूर्ण झालेलं आणि उडलेलं विमान नुसतं सुधारून 'मी बांधलं' असं दाखवता येत नाही.

यातूनच डेटा प्लेटचा, म्हणजे विमानाच्या ओळखपट्टीचा, मोह होतो. नव्या सांगाड्यावर जुन्या विमानाची पाटी ठोकली की कटकट संपली, असा सल्ला हँगरमध्ये कुणी ना कुणी देतंच. तो ऐकू नका. नियम ४५.१३ नुसार ओळखपट्टी काढणं, बदलणं किंवा दुसऱ्या विमानावर लावणं परवानगीशिवाय चालत नाही. नुसती पाटी आणि कागद विकायला काढलेले दिसले, तर त्या व्यवहारापासून लांब राहा. जुन्या विमानाचं फ्युजलाजच बदलायची वेळ आली असेल, तर काम सुरू करण्याआधी आपल्या भागातल्या एफएसडीओला, म्हणजे एफएएच्या स्थानिक कार्यालयाला, पत्र लिहा आणि उत्तर लेखी घ्या.

विकत घेण्याआधी

जमीन घेताना आपण सातबारा आणि फेरफार बघतो. विमानाचा सातबारा ओक्लाहोमा सिटीत असतो. एफएएच्या रजिस्ट्रीकडून त्या एन-नंबरची, म्हणजे नोंदणी क्रमांकाची, पूर्ण फाइल किरकोळ फी भरून मागवता येते. त्यात दोन भाग मिळतात: मालकीचे कागद आणि एअरवर्दीनेसचे कागद. पैसे देण्याआधी ही फाइल वाचा, आणि पुढच्या गोष्टी शोधा.

नोंदणी आज कुणाच्या नावावर आहे? विकणारा तोच आहे का? अपघातातलं विमान बऱ्याचदा मालकाकडून विमा कंपनीकडे, तिथून भंगारवाल्याकडे आणि मग तुमच्याकडे येतं. यातल्या प्रत्येक पायरीला फॉर्म ८०५०-२, म्हणजे खरेदीखत, लागतं. मधल्या माणसाने ते रजिस्ट्रीकडे पाठवलेलंच नसतं, कारण त्याला विमान उडवायचं नव्हतं. ती कोरी जागा तुमच्या गळ्यात पडते. दोन सहमालक असतील तर दोघांच्या सह्या हव्यात. कंपनी असेल तर सही करणाऱ्याचा हुद्दा हवा. मालक वारला असेल तर वारसांचे कागद जोडावे लागतात.

नोंदणी रद्द झाली आहे का, आणि कोणत्या कारणाने? मुदत संपून रद्द झाली असेल तर अर्ज करून ती पुन्हा मिळवता येते. २०२३ पासून नोंदणीची मुदत ७ वर्षं आहे. त्याआधी ती ३ वर्षं होती, त्यामुळे कोपऱ्यात पडून राहिलेल्या विमानांची नोंदणी बऱ्याचदा गेलेली असते. पण विमा कंपनीने 'नष्ट झालं' असं कळवून नोंदणी रद्द केली असेल, तर प्रकरण वेगळं आहे. सर्टिफिकेट अमेरिकन नोंदणीवर टिकून असतं. रजिस्ट्रीच्या लेखी नष्ट झालेल्या विमानावर खर्च करण्याआधी एफएसडीओकडून लेखी खुलासा घ्या.

अपघाताची चौकशी एनटीएसबीने, म्हणजे अमेरिकेच्या अपघात-चौकशी संस्थेने, केली असेल, तर अवशेष त्यांच्या ताब्यातून अधिकृतपणे सुटलेले असले पाहिजेत. सुटका होण्याआधी भाग हलवायची मुभा जीव वाचवणं किंवा अवशेषांचं पुढचं नुकसान टाळणं अशा मोजक्या कारणांसाठीच असते.

तुम्ही एच-वन-बीवर अमेरिकेत असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. एफएएकडे विमान स्वतःच्या नावावर करायला अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असावं लागतं. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला ते जमत नाही. त्यासाठी ट्रस्ट करून विश्वस्ताच्या नावावर नोंदणी करण्याची पद्धत आहे, पण ते काम वकिलाचं आहे आणि त्याचा खर्च विमानाच्या किमतीत धरूनच भाव करा. मित्राच्या नावावर घेऊन 'आपलंच आहे' असं चालवू नका. कागदावर मालक तोच, आणि विमा, विक्री, अपघात या तिन्ही वेळी त्याचीच सही लागते.

नावावर करताना

खरेदीखत ८०५०-२ आणि नोंदणी अर्ज ८०५०-१, एवढे दोनच कागद. तरीही अर्ज परत येतात, आणि त्याचं कारण बहुतेकदा एकच: 'उत्पादक' या रकान्यात लोक किट कंपनीचं नाव लिहितात. आपल्या आरव्ही-६ चा उत्पादक व्हॅन्स एअरक्राफ्ट नाही. ज्याने ते गॅरेजमध्ये बांधलं त्याचं नाव तिथे यायला हवं, आणि ते रजिस्ट्रीत जसं नोंदलं आहे अगदी तसंच. मॉडेलही 'आरव्ही-६', 'आरव्ही ६' की 'आरव्ही६' हे रेकॉर्ड बघून लिहा. सिरियल नंबर बिल्डरने स्वतः ठरवलेला असतो, तो किटच्या नंबरशी जुळेलच असं नाही. नोंदणी, डेटा प्लेट, एअरवर्दीनेस सर्टिफिकेट, या तीन ठिकाणी नाव, मॉडेल आणि सिरियल अक्षरशः एकसारखे असले पाहिजेत. शेजारी शेजारी ठेवून, बोट फिरवत एकेक अक्षर ताडून बघा. तफावत आज सापडली तर पत्राने सुटते. तपासणीच्या दिवशी सापडली तर तपासणी तिथेच थांबते.

एन-नंबर बदलायची हौस असेल तर विमान मोडलेलं असतानाच बदला. रंग चढण्याआधी ते सोपं पडतं. नंबर बदलला की ट्रान्सपाँडर नि एडीएस-बी या विमानाची ओळख हवेत कळवणाऱ्या यंत्रांमधला चोवीस-बिटचा कोड बदलतो, ईएलटीची (अपघातानंतर संकटसंदेश देणाऱ्या यंत्राची) नोंदणी बदलते आणि एअरवर्दीनेस सर्टिफिकेटही नव्या नंबराचं घ्यावं लागतं. यातला कोड विसरला तर विमान हवेत जुन्या नावाने हाक देत राहतं.

ऑपरेटिंग लिमिटेशन्स: ही पानं म्हणजेच तुमचा कायदा

एअरवर्दीनेस सर्टिफिकेट हा छोटा कागद. त्याच्याबरोबर दिलेली ऑपरेटिंग लिमिटेशन्सची, म्हणजे विमान उडवण्याच्या अटींची, पानं त्याचाच भाग असतात. ती विमानात नसतील तर सर्टिफिकेट अपुरं. मोडलेल्या विमानात ही पानं हमखास हरवलेली असतात. आधी रजिस्ट्रीच्या फाइलमध्ये शोधा. तिथे नसतील तर एफएसडीओकडे बदली प्रत मागा.

मिळाली की मोठ्या बदलाचं कलम शोधा. दुसऱ्याच्या विमानाची पानं वाचून आपला निर्णय घेऊ नका, कारण हे कलम वर्षागणिक बदलत गेलं आहे. जुन्या पानांत बऱ्याचदा असं असतं की बदलानंतर एफएसडीओला कळवा आणि लेखी उत्तर येईपर्यंत उडू नका. नंतरच्या पानांत चाचणीच्या क्षेत्राला एफएसडीओची संमती घ्या, किमान ५ तास फेज वनमध्ये उडा आणि लॉगबुकात नोंद करा, अशी रीत आहे. पानं फार जुनी आणि जाचक असतील, तर फॉर्म ८१३०-६ भरून नवी मागता येतात. आमच्या मते, मोठा बदल करणारच असाल तर तो अर्ज त्याच वेळी करणं शहाणपणाचं.

एफएसडीओला जाणारं पत्र एका पानाचं पुरतं. एन-नंबर, बिल्डरचं नाव, मॉडेल, सिरियल. काय काढलं, काय बसवलं. नवं रिकामं वजन आणि गुरुत्वमध्य. कोणत्या विमानतळावरून किती मैलांच्या परिघात चाचणी करणार. नकाशाचं एक पान. परीघ मागताना दाट वस्ती आणि गजबजलेले हवाई मार्ग टाळा, नाहीतर पत्र परत येतं आणि महिना जातो.

काम चालू असताना काय लिहून ठेवायचं

होमबिल्ट विमान 'एक्सपेरिमेंटल' गटात मोडतं, आणि अशा विमानाला पार्ट ४३, म्हणजे देखभाल-दुरुस्तीचे नियम, लागू होत नाही, म्हणजे दुरुस्ती कुणीही करू शकतं आणि मोठ्या दुरुस्तीचा फॉर्म ३३७ लागत नाही. त्या विमानाला पूर्वी दुसऱ्या प्रकारचं सर्टिफिकेट मिळालेलं असेल तर मात्र ही सूट नाही. सूट आहे म्हणून नोंदी सोडून देऊ नका. उलट इथे फॉर्म नसल्यामुळे तुमची वही हाच एकमेव पुरावा आहे.

प्रत्येक नोंदीत तारीख, एकूण तास, काय तुटलं होतं, कशाने बदललं, कोणत्या ड्रॉइंगनुसार आणि सही. 'उजवा पंख दुरुस्त केला' ही नोंद निरुपयोगी. 'उजव्या पंखाच्या टोकाकडची दोन रिब नि खालचा पत्रा नवा, मुख्य स्पार भिंगाने तपासला, भोकं लांबट झालेली नाहीत' ही नोंद पुढच्या तपासणीसाला काम करू देते. पत्रा बंद करण्याआधी आतले फोटो घ्या. बंद पंखात काय आहे हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

प्रॉप जमिनीला लागला असेल तर इंजिनचा विषय टाळू नका. ब्लेडची किरकोळ घासणी सोडून प्रॉपची दुरुस्ती करावी लागली, की इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगच्या व्याख्येत तो प्रॉप स्ट्राइक. इंजिन तेव्हा चालू होतं की बंद, याने फरक पडत नाही. एडी (एफएएचा सुरक्षा आदेश) २००४-१०-१४ मध्ये क्रँकशाफ्टच्या मागच्या गिअरची, त्याच्या बोल्टची आणि डॉवेलची तपासणी सांगितली आहे. एक्सपेरिमेंटल विमानावरच्या इंजिनाला एडी बंधनकारक की नाही, यावर लोक तासन् तास वाद घालतात. तो वाद इथे गौण आहे. तो गिअर सुटला तर कॅमशाफ्ट आणि मॅग्नेटो दोन्ही थांबतात, म्हणजे इंजिन हवेत बंद पडतं. तपासणी करा, नवा बोल्ट आणि लॉकप्लेट बसवा, एडीचा नंबर घालून नोंद करा.

वजन आणि तोल

दुरुस्तीनंतर जुन्या तक्त्यात चार पौंड मिळवून भागवू नका. विमान रंगासकट पुन्हा तोला. रंगाचं वजन थोडं नसतं, आणि बराचसा रंग गुरुत्वमध्याच्या मागे पडतो.

हँगरचं दार बंद करा. वाऱ्याच्या झुळकीने पंख उचल धरतो आणि काटा खोटं बोलतो. ऑइल पूर्ण, इंधन फक्त न वापरता येणारं, सीटमागची अवजारं बाहेर. शेपूट उचलून विमान उड्डाणाच्या सपाटीत आणा. शेपूट खाली ठेवून तोललं तर सगळी मोजमापं चुकतात. चाकांची अंतरं विमान काट्यावर असतानाच मोजा, कारण भार आला की लँडिंग गिअर फाकतो आणि चाक सरकतं. शेपटाखालच्या ठोकळ्याचं वजन वजा करायला विसरू नका.

समजा डावं चाक ५०५ पौंड, उजवं ५११, शेपूट ५४. एकूण १,०७० पौंड. मुख्य चाकं डेटमपासून, म्हणजे मोजमापाच्या ठरलेल्या आरंभरेषेपासून, ५८.२५ इंचांवर, शेपटाचं चाक २३८ इंचांवर. मुख्य चाकांचा मोमेंट (वजन गुणिले अंतर) १,०१६ × ५८.२५ = ५९,१८२. शेपटाचा ५४ × २३८ = १२,८५२. बेरीज ७२,०३४ भागिले १,०७०, म्हणजे रिकामा गुरुत्वमध्य ६७.३ इंचांवर. आता बघा, शेपटाच्या काट्यावर फक्त ५ पौंडांची चूक झाली तर मोमेंट ११९० ने हलतो आणि गुरुत्वमध्य साधारण ०.८ इंच सरकतो. मागच्या मर्यादेजवळ तेवढं अंतर फार मोठं आहे. म्हणून तीनदा तोला, दर वेळी विमान काट्यावरून उतरवून.

या तक्त्यावर तारीख, एन-नंबर, सिरियल आणि सही घाला आणि जुन्या तक्त्यावर 'रद्द' लिहून तो फाइलमध्ये ठेवा. फाडू नका.

पाट्या आणि अक्षरं

डेटा प्लेट आगीत न वितळणारी, बिल्डरचं नाव, मॉडेल आणि सिरियल कोरलेली. नव्या रंगाखाली ती झाकली गेलेली अनेकदा आढळते. कॉकपिटच्या दाराजवळ 'एक्सपेरिमेंटल' हा शब्द २ ते ६ इंच उंचीच्या अक्षरांत. बाजूला बसणाऱ्याला दिसेल अशी प्रवासी-इशारा पाटी. एन-नंबरची उंची १२ इंच. ॲमॅच्युअर-बिल्ट विमानाचा कमाल क्रूझ वेग १८० नॉटपेक्षा जास्त नसेल तर ३ इंच चालतात. वेगवान इंजिन बसवून जुनी ३ इंची अक्षरं ठेवायची असतील तर हा आकडा आधी तपासा.

कंडिशन इन्स्पेक्शन आणि पहिली उड्डाणं

इथे एक गैरसमज फार खोल रुजला आहे. विमान तुम्ही पुन्हा उभं केलंत म्हणून तुम्हाला त्याचं रिपेअरमन सर्टिफिकेट, म्हणजे वार्षिक तपासणीवर सही करायचा अधिकार, मिळत नाही. ते मूळ बांधणाऱ्याचं, त्याच्या विमानापुरतं, आणि विमान विकलं तरी विमानाबरोबर जात नाही. काम तुम्ही करू शकता, पण दर १२ महिन्यांची कंडिशन इन्स्पेक्शन ए-अँड-पी (एफएएचा परवाना असलेल्या) मेकॅनिककडून किंवा त्या विमानासाठी अधिकार असलेल्या रिपेअरमनकडून करून घ्यावी लागते. ए-अँड-पी पुरतो, आयए, म्हणजे त्यावरचा तपासणी-अधिकार, लागत नाही. त्याला पंख बंद होण्याआधीच बोलावून दाखवा. शेवटच्या दिवशी रंगवलेलं विमान समोर ठेवून सही मागितली तर कोणताही जबाबदार माणूस नकार देईल, आणि तो योग्यच असेल.

नोंदीतलं वाक्य स्वतः रचू नका. ऑपरेटिंग लिमिटेशन्समध्ये ते शब्दशः दिलेलं असतं. पार्ट ४३ च्या अपेंडिक्स डीच्या व्याप्तीनुसार तपासलं आणि सुरक्षित अवस्थेत आढळलं, असा त्याचा आशय. ते तसंच इंग्रजीत उतरवा. ट्रान्सपाँडर आणि आयएफआरसाठी (उपकरणांच्या आधारे उडण्यासाठी) अल्टिमीटरची तपासणी २४ महिन्यांची, ईएलटीची १२ महिन्यांची. मोडलेल्या विमानात तिन्ही मुदती उलटलेल्या असतात.

मोठा बदल असेल तर फेज वनमध्ये प्रवासी नाही, ठरलेल्या क्षेत्राबाहेर नाही. नव्या विमानाला मान्यताप्राप्त इंजिन-प्रॉप जोडीवर २५ तास आणि इतर जोडीवर ४० तास, ही पारंपरिक अट. टप्पा संपल्यावर लॉगबुकात व्हीएसओ (उतरण्याच्या स्थितीतला स्टॉल), व्हीएक्स (सर्वांत तीव्र कोनात चढण्याचा), व्हीवाय (सर्वांत जलद चढण्याचा) हे वेग, ते कोणत्या वजनाला आणि कोणत्या गुरुत्वमध्याला मोजले, हे लिहावं लागतं. किटच्या पुस्तकातले आकडे उतरवू नका. नव्या प्रॉपवर ते वेगळे येतात, आणि पुढचा मालक उतरताना याच आकड्यांवर विसंबणार असतो.

अर्धवट सोडलेलं किट घेतलं असेल तर

हे मोडलेल्या विमानापेक्षा सोपं, कारण सर्टिफिकेट कधी मिळालेलंच नसतं. आधीच्या बांधणाऱ्याची वही, फोटो आणि किटचं खरेदीखत त्याच्याकडून घ्या. मग मालकीचं प्रतिज्ञापत्र ८०५०-८८ नोटरीसमोर, पात्रतेचं निवेदन ८१३०-१२, अर्ज ८१३०-६, तीन बाजूंचं ड्रॉइंग किंवा फोटो, वजनाचा तक्ता आणि चाचणीचं पत्र. अर्ज एफएएच्या ऑनलाइन पोर्टलवर जातो. तपासणी एफएए स्वतः करते किंवा डीएआर, म्हणजे एफएएने नेमलेला प्रतिनिधी, फी घेऊन करतो. डीएआर लवकर मिळतो. मुख्य बांधणारे म्हणून तुमच्या हातचं काम वहीत दिसलं, तर या विमानाचं रिपेअरमन सर्टिफिकेट तुम्हाला मागता येतं. त्यालाही नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. एका विमानाला ते एकालाच मिळतं, त्यामुळे दोघे भागीदार असाल तर नाव कुणाचं द्यायचं हे त्याचा फॉर्म भरायच्या आधी ठरवा.